हिरवं वरण

"पाणी फेकाचं नाही, कलाबाई. थेंबभर फेकाचं नाही."

तुलाराम आचारी मांडवाच्या पार त्या टोकाहून हातात झारा घेऊनच पळत आला. कलाबाई थबकली. तिने नुकताच उकडलेला पालक टोपल्यात उपसला होता आणि तळाशी उरलेलं हिरवं पाणी नालीत ओतायला ती गंजाचं भलंमोठं भांडं कलतं करत होती.

"मंग का करू याचं? आंघोळ करू?"

"झाकण ठेव त्याच्यावर. अन् बाजूले सरक."

कलाबाई बाजूला सरकली, पण तोंड बंद ठेवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. "तुमीच शिकवलं होतं का नाही? भाजी चिरा, मंग धुवा, सोडा टाकून रटरट उकडा, पिळा अन् पाणी नालीत. आता तुमीच ओरडून राहिले."

ती खोटं बोलत नव्हती. सिहोऱ्यापासून तुमसरपर्यंत कोणाच्याही घरी लग्न निघालं की आधी पत्रिका छापायला जात आणि लगेच तुलारामकडे माणूस जाई. त्याच्या पालकाचा रंग पंगतीत उठून दिसे. लोक म्हणत, पालक खावा तर तुलारामच्या हातचा. त्या रंगाचं श्रेय चिमूटभर सोड्याला आणि पिळणाऱ्या हातांना होतं, आणि ही गुरुकिल्ली त्याने आयुष्यभर जपली होती. गेल्या पावसाळ्यापासून मात्र हा माणूस भाजी आधी धुऊ लागला, मग चिरू लागला, सोड्याची पुडी त्याने चुलीत टाकली आणि उकडलेल्या भाजीचं पाणी तर तो तुपासारखं सांभाळू लागला. बरोबरच्या बायांना वाटलं, म्हातारपण लवकर आलं.

आज तर त्याच्या अंगात वारंच भरलं होतं. नाकाडोंगरीच्या भैय्याजींच्या मुलीचं लग्न दुपारचं होतं. घर गावाच्या कडेला, जंगलाला लागून. मांडवात फोनला रेंज नव्हती. ती मिळे शाळेजवळच्या कडुनिंबाखाली. तुलाराम सकाळपासून दर थोड्या वेळाने त्या कडुनिंबाखाली जाऊन फोन उंच धरून उभा राहत होता आणि परत येऊन दुप्पट उत्साहाने झारा फिरवत होता. मध्येच गात होता. मध्येच विनाकारण हसत होता.

"सोनोग्राफी आज आहे ना जी रुपाची?" कलाबाईने हलकेच विचारलं.

"हो. कैलाश घेऊन गेला तुमसरले. नंबर लागला की फोन करतो म्हणे."

"मंग चांगलंच होईल."

"चांगलंच होते," तुलाराम म्हणाला, आणि गरज नसताना जळण आत सारलं.

दोन वर्षांपूर्वीही त्याला असाच एका लग्नात फोन आला होता. तेव्हा तो बुंदी पाडत होता. मुलगा कैलाश फोनवर रडत होता. त्याच्या बायकोला, रुपाला, पाचवा महिना होता, आणि तपासणीत डॉक्टरीणबाईंना दिसलं होतं की बाळाच्या पाठीचा कणा जुळलेलाच नाही. ते बाळ राहिलं नाही. तुलारामने ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि उरलेली बुंदी पाडली. पाहुण्यांनी बुंदीची फार वाखाणणी केली. त्याला ते शब्द पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले.

कोणाचा दोष, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, दोष कोणाचाच नसतो, असं होतं कधीकधी. तुलारामच्या बायकोचं, चंद्रभागाबाईचं, तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने दोन नवस बोलून टाकले. रुपा काहीच बोलली नाही. ती आधीच कमी बोलायची, नंतर आणखी कमी बोलू लागली.

मग गेल्या वर्षी, पाऊस लागायच्या बेताला, उपकेंद्रातली अपेक्षा सिस्टर घरी आली. कैलाश आणि रुपा पुन्हा बाळाचा विचार करत होते. आत रुपाला आणि तिच्या सासूला सिस्टर समजावत होती, आणि बाहेर सपरीत, ओसरीवरच्या खाटेवर पडल्या पडल्या तुलाराम झोपेचं सोंग घेऊन ऐकत होता.

"बाईले दिवस गेल्याचं समजते तोवर बाळाची पाठ जुळून गेली असते," सिस्टर सांगत होती. "म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून अंगात पायजे. गोळी आजपासून सुरू. अन् रोजच्या जेवणातूनही गेलं पायजे. पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी. मुगाची डाळ, बरबटीचे दाणे, फल्लीदाणे. संत्रा. हे काही महागामोलाचं नाही, आपल्या बाजारातलंच आहे. फक्त भाजी उकडून पाणी फेकू नका, वो काकू. ते पाण्यात उतरते. फेकलं का गेलं."

तुलाराम उठून बसला. सोंग संपलं.

त्याच्या डोळ्यांपुढे नाल्या उभ्या राहिल्या. किती गावांच्या, किती मांडवांमागच्या, हिरव्या पाण्याने वाहणाऱ्या नाल्या. त्याने आयुष्यभर लोकांना चोथा वाढला आणि जीव नालीत सोडला. आता रुपाने त्याच्या हातची लग्नाची भाजी खाल्ली असेल ती कितीशी? तेवढ्याने असं काही होत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण मन काही केल्या ऐकेना.

तो दारात जाऊन उभा राहिला. "सिस्टर, मंग गोळी कायले? मी रोज खाऊ घालतो ना."

"काका, तुमच्या हाताले तोड नाही," सिस्टर म्हणाली. "पण एकदा असं होऊन गेलं आहे. डॉक्टरबाईनं लिहून देल्ली ती गोळी एक दिवसही चुकवाची नाही. जेवण जेवणाच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. दोन्ही पायजे."

"बरं. दोन्ही," तुलाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरच्या स्वयंपाकघरात शिरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. चंद्रभागाबाई पोळ्या लाटत होती.

"तुमी इथी काहून?"

"स्वयंपाक करतो."

"कोणाची तेरवी आहे?"

त्याने मोड आलेले मूग मागितले. आता ज्या हाताला पाचशे पानांची सवय, त्या हाताला चार माणसांचा अंदाज कुठून असणार? त्याने उसळ केली ती आख्ख्या गल्लीला पुरली. शेजारीपाजारी वाट्या घेऊन आले आणि विचारू लागले, घरात काय आहे म्हणून. चंद्रभागाबाईने कपाळावर हात मारला. "बुढ्याच्या हाती डवली-पळी गेली, झालं," ती म्हणाली. पण उसळ चांगली झाली होती, हे तिने रात्री उरलेली खाताना कबूल केलं.

अडचण वेगळीच होती. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. तुलाराम आत आला की रुपा डोक्यावरचा पदर पुढे ओढून मागच्या अंगणात जाई. भांडण नव्हतं, राग नव्हता. रीत होती, आणि ती मोडायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे तीन हातांवर उभ्या असलेल्या सुनेला निरोप द्यायचा तरी तो बायकोच्या मार्फत.

"तिले सांगजो, बरबटी शिजवलेलं पाणी वरणात टाकलं आहे. सारं संपवाचं."

"ऐकलं तिनं. कान आहेत तिले."

आणि तिकडून पदराआडून आवाज येई, "आत्याबाई, मामाजीले सांगा, मीठ बरोबर आहे."

मग दोघांना एक दुसरी भाषा सापडली. ताटाची. जे आवडलं ती वाटी रुपा धुऊन पालथी घालून ठेवायची. जे नाही आवडलं ते वाटीत थोडंसं राहायचं. तुलाराम दुपारी हळूच जाऊन मोरी पाहून येई, शाळेतलं पोर निकाल पाहायला जातं तसा. मेथी दोनदा उरली. तिसऱ्यांदा त्याने मेथी आणलीच नाही. हरभऱ्याची कोवळी पानं मात्र त्याने नीट धुतली, बारीक चिरली, त्यात कांदा, हिरवी मिरची, फल्लीदाण्याचा कूट घातला, वरून लिंबू पिळलं. विस्तव दाखवलाच नाही. त्या दिवशी वाटी तर पालथी होतीच, पण ताटसुद्धा पालथं होतं. तुलाराम मोरीपाशी उभा राहून एकटाच हसला. पाचशे लोकांनी वाहवा केली तरी त्याला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास रुपाला उलट्या सुरू झाल्या. काही पोटात ठरेना. तुलारामला आधी घाबरायला झालं आणि मग कारण कळल्यावर तो सायकल काढून सरळ बाजारात गेला. पिशवीभर संत्री आणली. संत्रं ठरलं. गोळी तर सिस्टरच्या सांगण्यावरून आधीपासून सुरू होतीच, रोज रात्री जेवण झालं की तुलाराम सपरीतून हाक मारायचा, "गोळी झाली का, विचार तिले." एवढा नेम त्याने देवाच्या आरतीचाही पाळला नव्हता.

त्याचा उत्साह घरात मावेना तेव्हा तो मांडवांमध्ये सांडू लागला. जिथे स्वयंपाकाला जाई तिथे नवरीच्या आईला गाठून तो भाजीचं पाणी आणि फॉलिक ॲसिड समजावून सांगे. आज सकाळी त्याने खुद्द भैय्याजींनाच धरलं.

"भैय्याजी, पोरीले आत्तापासून मुगाची डाळ, हिरवी भाजी. अन् सिस्टरले भेटून गोळीचं विचारजा. दिवस गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही, पाठ आधीच जुळते."

भैय्याजी भाताचे व्यापारी, अंगाने आडवे, तोंडाने फटकळ. "अजून अक्षता पडल्या नाही, अन् तुमी बारशापर्यंत पोचले," ते म्हणाले. "तुमी वरण पाहा."

वरण पाहायलाच हवं होतं.

तुलाराम चुलाण्यापाशी गेला. तुरीची डाळ मऊ शिजून वर आली होती. पिवळीधमक. त्याने घाटली. आता पाणी घालायचं. त्याचं लक्ष कडुनिंबाकडे होतं. आतापर्यंत नंबर लागला असेल. रुपा आत गेली असेल. मागच्या खेपेलाही ती अशीच आत गेली होती, आणि कैलाश बाहेर बाकावर बसला होता. या विचारात त्याने शेजारच्या गंजावरचं झाकण काढलं, फडक्याने गंजाचे कान धरले आणि रोज सकाळी घरी करायचा तेच केलं. पालकाचं सगळं पाणी वरणात ओतलं.

कलाबाईने पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. "अरे बाप्पा," ती एवढंच म्हणाली.

पाचशे माणसांचं वरण हिरवं झालं.

लग्नाच्या पंगतीत वरण पिवळंच असतं. भातावर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार. यात कोणी कधी फरक केलेला नाही. तुलारामने झारा फिरवून पाहिला, जणू फिरवल्याने रंग परत येईल. वरण आणखी एकसारखं हिरवं झालं.

बातमी भैय्याजींपर्यंत पोचायला कितीसा वेळ. ते आले आणि गंजात डोकावले.

"हे वरण आहे का बोडीतलं शेवाळ?"

"पालकाचं पाणी आहे जी. ताकद आहे याच्यात."

"तुमची ताकद गेली खड्ड्यात. व्याही काय म्हणतील? अक्षता पडून राहिल्या तिकडं, आता पंगत बसते."

इतक्या वर्षांत तुलारामचं वरण कोणी नावाजलं नव्हतं, कारण वरण कोणी नावाजत नाही. पण त्यावर कोणी बोटही ठेवलं नव्हतं. अशा वेळी कलाबाईचं तोंड कामी आलं.

"भैय्याजी, चूप राहा थोडं. लसूण द्या भरपूर. अन् लाल मिरची," ती म्हणाली. "फोडणी देतो अन् दाल-पालक म्हणून वाढतो. हॉटेलात लोक पैसे मोजून खातात."

लसणाची फोडणी कढली आणि गंजात पडली तेव्हा जो चर्र आवाज झाला आणि जो वास उठला, त्याने भैय्याजींच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. त्यांनी तळहातावर वरण घेऊन चाटलं. पुन्हा घेतलं. "चव आहे," ते कुरकुरत म्हणाले. "पण व्याह्यानं विचारलं तर उत्तर तुमी द्याचं."

"देतो," तुलाराम म्हणाला.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या गेल्या. वाढपी बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. आता एकच गोष्ट राहिली होती. पहिली बादली बाहेर जायच्या आधी तुलाराम प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा भाग पानाच्या द्रोणात काढून चुलाण्यापाशी ठेवत असे. चुलीचा वाटा. त्याच्या बापाने त्याला स्वयंपाकाच्या आधी हे शिकवलं होतं. गेल्या दोन वर्षांपासून मात्र तो एक नाही, दोन द्रोण ठेवायचा. दुसरा थोडा बाजूला, लहानसा. कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

कलाबाईने दोन द्रोण पुढे केले. "घ्या. चुलीचा वाटा काढा, लोक बसले."

तुलारामने द्रोण हातात घेतले. मोठ्या द्रोणात भात घातला, वरण घातलं, भाजी घातली, बुंदी घातली. लहान द्रोणापाशी त्याचा हात थांबला. पुढे जाईना.

"मी आलो," तो म्हणाला.

"कुठी? पंगत बसली आहे."

पण तो निघाला होता. झारा तसाच हातात. पाहुण्यांच्या मधून, नवरदेवाच्या घोड्याला वळसा घालून, तो शाळेकडे चालू लागला आणि मग पळू लागला. आचाऱ्याने पंगत बसवून पळून जावं, असं कोणी पाहिलं नव्हतं. मागून भैय्याजींचा आवाज येत होता. तुलारामला तो ऐकू येत होता आणि येतही नव्हता.

कडुनिंबाखाली फोन उंच धरला. रेंज आली. कैलाशचे चुकलेले फोन दिसले, एकावर एक. त्याने फोन लावला. तिकडे लगेच उचलला गेला.

"कैलाश? का झालं गा? बोल."

पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू आला, रस्त्यावरचा भोंगा ऐकू आला. तुलारामने कडुनिंबाच्या खोडाला हात टेकला. मागच्या वेळीही आधी असंच काही ऐकू आलं नव्हतं.

"मामाजी," आवाज आला. "मी रुपा बोलून राहिली."

लग्न होऊन घरात आल्यापासून तिने त्याला उद्देशून शब्द काढला नव्हता.

"मामाजी, पाठ बरोबर आहे. पूरी जुळली आहे. बाईनं दाखवली मले टीव्हीवर. बारीक बारीक मणी असतात ना माळेचे, तशी आहे. मी पाह्यली. बाकी सारं बी चांगलं आहे म्हणे."

त्याने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"हे म्हणत होते, मी सांगतो बाबाले. मी म्हटलं, नाही. मीच सांगतो." ती थांबली. "ऐकू आलं का जी?"

ऐकू आलं होतं. तुलारामच्या मनात किती काय उसळत होतं, पण सुनेशी बोलायचे शब्द त्याच्याकडे तयार नव्हते. एवढ्या वर्षांत त्याने ते कधी जमवलेच नव्हते. शेवटी जे जमत होतं तेच त्याने विचारलं.

"जेवली का बाई?"

"नाही जी. घरी जाऊन जेवतो. तुमी सकाळी झाकून ठेवलं आहे ना."

"हो. वरण गरम करून घेजो. जास्त नको उकळू."

"हो जी," ती म्हणाली, आणि ती हसली, हे त्याला स्पष्ट ऐकू आलं.

फोन बंद झाल्यावर त्याने झारा झाडाला टेकवून ठेवला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मांडवाकडे निघाला. वाटेत कोण कोण काय काय बोललं, त्याला पत्ता नव्हता. भैय्याजी दारातच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण तुलारामचा चेहरा पाहून पुन्हा मिटलं.

"सारं बरोबर आहे," तुलाराम म्हणाला. "नातू म्हणा, नात म्हणा, जे येईल ते. पाठ बरोबर आहे."

भैय्याजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग वाढा आता," ते म्हणाले. "तुमच्या पाठीनं लोकाइच्या पाठी दुखून राहिल्या बसून बसून."

कलाबाईने सगळं ऐकलं होतं. ती डोळे टिपत होती आणि हसत होती. तिने चुलाण्यापाशी मोठा द्रोण सरकवून ठेवला होता. लहान रिकामा द्रोण मात्र तिने उचलून आपल्या ओटीत घेतला.

"आता हा नाही लागत जी," ती मायेने म्हणाली. ती सगळं ओळखून होती.

तुलाराम चुलाण्यापाशी उकिडवा बसला. त्याने तिच्यापुढे हात पसरला.

"लागते. आण इकडं."

"आता तर येऊन राहिलं ना पोट्टं."

"येते त्याले तर घर आहे, आजी आहे, मी आहे," तुलाराम म्हणाला. "याले कोण वाढते?"

कलाबाईने द्रोण दिला. त्याने त्यात मऊ भात घातला, बोटाने मध्ये खळगा केला आणि त्यात वरण ओतलं. वरवरचं पाणी नाही, तळाचं घट्ट वरण, हिरवंगार. मिरचीचे तुकडे वेचून बाजूला काढले. मग फुंकर घालून ते निववलं आणि द्रोण मोठ्या द्रोणाला चिकटून ठेवला.

"वाढा," तो म्हणाला, आणि वाढपी बादल्या उचलून पंगतीकडे निघाले.